तुरटीचा स्फटिक वाढत नाही? बरणी ओतून देण्याआधी हे तपासा

घरात मुलांबरोबर करता येण्यासारख्या रसायनशास्त्राच्या प्रयोगांत तुरटीचा मोठा, आरपार दिसणारा स्फटिक वाढवणं हा माझा सगळ्यांत आवडता प्रयोग. तुरटी, पाणी, काचेची बरणी आणि तंगूस, एवढ्यावर काम भागतं. तरी दर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुलं आमच्या रविवारच्या वर्गाला बरण्या घेऊन येतात, आणि तक्रारी त्याच असतात. आई-बाबांनी तोवर ठरवलेलं असतं की तुरटी भेसळीची होती, नाहीतर पोराने काहीतरी चुकवलं. इतक्या बरण्या पाहिल्यावर मी खात्रीने सांगते: बहुतेक वेळा तुरटी चांगली असते, मुलानेही नीट केलेलं असतं. बिघडवतं ते तापमान, आणि ते सुधारायला एक पैसा लागत नाही.

आधी मूळ कृती थोडक्यात, म्हणजे पुढचं बोलणं एकाच पायावर होईल. २५० मिलिलिटर पाण्यात साधारण ६० ग्रॅम कुटलेली तुरटी घालायची आणि स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर विरघळेपर्यंत ढवळायची. हे काम मोठ्या माणसाचं. पाणी उकळायची गरज नाही, हाताला चांगलं चटका देणारं झालं की पुरे. मग झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी बारीक खडे दिसतात. त्यांतला एक सुबक, अष्टफलक आकाराचा खडा निवडायचा. ही आपली बी. वरचं नितळ पाणी फडक्यातून दुसऱ्या स्वच्छ बरणीत गाळायचं, बीला तंगूस बांधून ती त्यात अधांतरी सोडायची आणि बरणीवर पातळ कापड बांधायचं. पाणी हळूहळू उडतं, तुरटीला जागा उरत नाही आणि ती बीवर बसत जाते.

तुमच्या बरणीत नेमकं काय दिसतंय?

पुढच्यापैकी कोणतं लक्षण आहे ते मुलालाच बघू द्या. शक्य असेल तर वहीत चित्र काढायला सांगा, कारण दोन दिवसांनी काय बदललं हे आठवणीवर सांगता येत नाही.

- बी नाहीशी झाली, नुसता धागा लोंबतोय.
- बी आहे, पण तिचे कोपरे गोलसर झालेत, अंगावर खड्डे पडलेत.
- बी तशीच आहे आणि तळाला खड्यांचा थर जमलाय.
- धाग्याला खड्यांचा पुंजका लागलाय, त्यात आपली बी कुठली ते कळत नाही.
- स्फटिक वाढतोय, पण दुधाळ आणि भेगाळलेला.
- आठवडे झाले, काहीच होत नाही.
- पाणीच गढूळ आहे.
- बरणीच्या काठावर पांढरी पुटं चढत बाहेर यायला लागलीत.

पहिली दोन लक्षणं म्हणजे एकच आजार, आणि निम्म्याहून अधिक बरण्या त्याच आजाराच्या असतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

बरणी कुठे ठेवलीय?

ही तपासणी फुकट आहे आणि एका मिनिटात होते. बरणी फ्रिजच्या डोक्यावर असेल, खिडकीत असेल, गॅसच्या ओट्याजवळ असेल किंवा "लवकर सुकेल" म्हणून गच्चीवर उन्हात ठेवली असेल, तर पुढचं काही वाचण्याआधी ती हलवा.

कारण आकड्यांत बघू या. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ११.५ ग्रॅम तुरटी मावते. २५ अंशांना जवळपास १४ ग्रॅम, ३० अंशांना साडेसोळा, ४० अंशांना २४ आणि ६० अंशांना तर ५७ ग्रॅमच्या आसपास. खोलीच्या तापमानाच्या पट्ट्यात पाणी एका अंशाने तापलं की १०० मिलिलिटरमागे अर्धा ग्रॅम तुरटी जास्त मावते. आपल्या २५० मिलिलिटरच्या बरणीत हे सव्वा ग्रॅम झालं. आणि ५ मिलिमीटर कडेची अष्टफलक बी भरते किती? जेमतेम ०.१ ग्रॅम.

म्हणजे पहाटेच्या गारव्यात तयार झालेलं पाणी दुपारी एका अंशाने जरी तापलं, तरी त्याला अख्खी बी गिळून पुन्हा भूक उरते. पुण्या-नाशिकला हिवाळ्यात पहाट आणि दुपार यांत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. घरात तो कमी जाणवतो, पण एक अंश पुरेसा आहे. "ताई, बी कुठे गेली?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की ती पाण्यात गेली.

उपाय असा. बरणी घराच्या मधल्या खोलीत, जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे बादलीत बरणीच्या खांद्यापर्यंत पाणी भरा आणि बरणी त्यात उभी करा. दहा-बारा लिटर पाणी चटकन तापत नाही की निवत नाही, त्यामुळे बरणीला दिवस-रात्र जवळपास सारखीच वाटते. घरात रांगतं मूल असेल तर बादली अजिबात नको, थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. तिथे थर्माकोलची झाकणाची पेटी घ्या, औषधांच्या दुकानात विचारली तर बहुतेक वेळा रिकामी मिळते. पेटीचं झाकण किंचित उघडं ठेवा, नाहीतर पाणी उडणारच नाही.

फ्रिजच्या डोक्यावरची जागा दोनदा वाईट. मोटर चालू-बंद होताना तिथलं तापमान सतत वरखाली होतं आणि थरथरही असते. थरथरीने नको तिथे नवे खडे पडतात.

पाणी खरंच संपृक्त आहे का?

जागा बदलली, पुढे काय? नवी बी सोडायची घाई नको. आधी तुरटीचा एक चुरा, तांदळाच्या कणीएवढा, बरणीत टाका आणि तासाभराने बघा. विरघळला तर पाण्यात अजून जागा आहे. मग बरणीत तुरटीचे दोन-चार खडे टाकून रात्रभर तिथेच राहू द्या आणि सकाळी पुन्हा गाळा. आता ते पाणी त्या जागेच्या तापमानाला भरलेलं असेल. बी नेहमी अशा वेळी सोडा जेव्हा खोली आणि पाणी दोन्ही गार असतात, म्हणजे सकाळी लवकर. शाळेतून आल्यावर दुपारी सोडलेल्या बिया सर्वांत जास्त विरघळतात.

मुलांना मी याच जागी एक गोष्ट दाखवते, ती घरी जरूर करा. खोलीत अंधार करा, बरणीच्या मागून टॉर्च लावा आणि बीकडे नाक काचेला लावून बघा. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तशा बारीक लहरी बीभोवती दिसतात. लहरी बीपासून खाली उतरत असतील तर बी विरघळतेय: तुरटी मिसळलेलं पाणी जड होऊन बुडतंय. लहरी वर चढत असतील तर बी वाढतेय: लगतच्या पाण्यातली तुरटी बीवर बसली, ते हलकं झालं आणि वर निघालं. लहरी अजिबात नसतील तर तोल साधलेला आहे. मोजमापाचं एकही साधन न वापरता सातवी-आठवीतलं मूल द्रावणाची अवस्था सांगू शकतं, आणि तेही काय होणार ते होण्याआधी. खाली उतरणाऱ्या लहरी दिसल्या तर बी लगेच उचलून कोरडी करून ठेवा, ती वाचते.

तळाला सगळं जमतंय, धाग्यावर पुंजका

इथे आजार उलटा आहे. पाण्यात तुरटी फार झाली आहे, किंवा पाणी फार झपाट्याने गार झालंय. गरम द्रावण थेट फ्रिजमध्ये ठेवलं की हमखास असं होतं: तुरटीला एका बीवर सावकाश बसायला वेळच मिळत नाही, ती हजार ठिकाणी एकदम पडते. फ्रिज या प्रयोगात आणूच नका.

धागाही तपासा. शिवणाचा सुती दोरा, लोकर, सुतळी यांच्या तंतूंवर तुरटीला पकडायला जागा मिळते, म्हणून दोऱ्यावर माळ तयार होते. मासे पकडायचा नायलॉनचा तंगूस गुळगुळीत असतो, त्यावर सहसा काही बसत नाही. तंगूस मिळाला नाही तर आईचा लांब केसही चालतो. गाठ बारीक ठेवा आणि धाग्याचं लोंबतं टोक कापून टाका.

तिसरं कारण धूळ. फडकं न बांधलेल्या बरणीत पडलेला प्रत्येक कण ही एक नवी बी. तळाचा थर दिसला की बी उचला, पाणी दुसऱ्या बरणीत गाळा, तळाचे खडे साठवून ठेवा, बी पुन्हा सोडा. खरं तर हे दर चार-पाच दिवसांनी न चुकता करायचं काम आहे. तळाला खडे राहू दिले तर तुरटी बीवर बसण्याऐवजी त्यांच्यावर बसते आणि तुमची बी उपाशी राहते. हात ओले किंवा तेलकट असताना बीला बोट लावू नका, ती तंगूसानेच उचला.

दुधाळ स्फटिकाचं मूळही घाईतच आहे. वाढ जोरात झाली की थरांमध्ये द्रावणाचे बारीक थेंब अडकतात, आणि स्फटिक काचेसारखा न होता पांढुरका होतो. बाहेरचा दुधाळ थर परत घालवता येतो का, असं पालक विचारतात. थोडा येतो. बी क्षणभर साध्या पाण्यात बुडवून टिपकागदाने टिपा, वरचा खडबडीत थर जातो. आतला ढग मात्र तसाच राहतो. यापुढची वाढ पारदर्शक हवी असेल तर बरणीवरचं कापड दुहेरी करा म्हणजे पाणी सावकाश उडेल.

खाद्यरंग टाकून रंगीत स्फटिक करायचा हट्ट मुलं धरतातच. बहुतेक खाद्यरंग तुरटीच्या स्फटिकात शिरत नाहीत, वरवर आणि भेगांत चिकटतात. पाणी रंगीत झाल्यामुळे वर सांगितलेल्या लहरी दिसायच्या बंद होतात, हे मला जास्त खटकतं.

आठवडे झाले, काहीच होत नाही

महिना कोणता आहे? जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत, कोकणात, गोव्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, मग बरणीतलं पाणी उडणार कुठे? पावसाळ्यात बाष्पीभवनावर विसंबू नका, थंड करण्याची पद्धत घ्या. पाणी खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त तापमानाला संपृक्त करा, गाळा, बी सोडा आणि बरणी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून बादलीवर जाड टॉवेल गुंडाळा. पाणी रात्रभर इंच इंच निवतं आणि जास्तीची तुरटी बीवर बसते. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, फक्त बी काढून ठेवल्याशिवाय पाणी तापवायचं नाही.

आणखी एक कारण वारंवार सापडतं: बरणीत तुरटी नाहीच, मीठ आहे. तुरटी मिळाली नाही म्हणून मिठावर हीच कृती केलेली असते. मीठ गार पाण्यात आणि उकळत्या पाण्यात जवळपास सारखंच विरघळतं, १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना ३६ ग्रॅम आणि १०० अंशांना ३९ ग्रॅम. त्यामुळे गरम करून गार केलं तरी हाती फारसं काही लागत नाही. मिठाचे चौकोनी स्फटिक सुंदर असतात, पण ते पसरट बशीत, पाणी उडू देऊनच मिळतात.

काठावर चढणाऱ्या पांढऱ्या पुटांचं फार मनावर घेऊ नका. द्रावण काचेवरून ओढलं जातं आणि वर सुकतं. बरणीच्या तोंडाला आतून व्हॅसलिनचं बोट फिरवा, थांबतं. बोट पाण्याला लागू देऊ नका.

पाणी आणि तुरटी: आता पैसे खर्च करायची वेळ

वरचं सगळं करूनही पाणी गढूळच असेल तर आधी पाण्याकडे बघा. बोअरच्या जड पाण्यात तुरटी घातली की पांढरे पुंजके तयार होतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ खाली बसतो तो याच पुंजक्यांमुळे. पाण्यातल्या क्षारांशी तुरटीची क्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका बनतो आणि माती त्याला धरून खाली जाते. प्यायचं पाणी निवळायला हे उत्तम, स्फटिकाला मात्र घातक. आरओचं पाणी वापरा, नसेल तर मेडिकलच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा.

भांडंही एकदा आठवून बघा. तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं. ॲल्युमिनियमच्या, लोखंडाच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ते तापवलं की भांड्याचा धातू पाण्यात उतरतो. स्टील किंवा काच, दुसरं काही नको.

मग तुरटी. दुकानात "तुरटी" या एका नावाखाली निरनिराळ्या वस्तू मिळतात. आपल्याला हवी ती पोटॅश तुरटी, म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, जिच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे १२ रेणू बांधलेले असतात. दाढीनंतर गालावर फिरवतात तो खडा बहुधा हाच. तो उजेडात धरला की काचेसारखा दिसतो आणि फोडल्यावर आतली बाजू चमकते. अमोनियम तुरटीही चालते, तिचेही स्फटिक अष्टफलकच असतात, फक्त वरचे आकडे थोडे बदलतात. चालत नाही ते साधं ॲल्युमिनियम सल्फेट, जे पाणी शुद्धीकरणासाठी मोठ्या लाद्यांमध्ये येतं. ते अपारदर्शक, खडूसारखं पांढरं किंवा पिवळसर असतं आणि त्याचे नीटसे स्फटिक घरी होत नाहीत. तयार पावडरही टाळा. ती तुरटीची लाही असू शकते, म्हणजे तापवून पाणी काढून टाकलेली तुरटी. ती नीट विरघळत नाही आणि वजनाचा सगळा हिशेब चुकवते.

खडा बरोबर आहे पण मळका आहे, असं असेल तर शेवटची आणि सर्वांत कष्टाची पायरी: पुनर्स्फटिकीकरण. सगळी तुरटी, साठवलेले तळाचे खडेसुद्धा, कमीत कमी गरम पाण्यात विरघळवा, गरम असतानाच दुहेरी फडक्यातून गाळा, सावकाश निवू द्या, खाली पडलेले खडे गोळा करा आणि वरचं पाणी टाकून द्या. मळ बराचसा त्या पाण्याबरोबर जातो. दुपारभराचं काम आहे, पण फरक डोळ्यांना दिसतो.

इथे थांबा

दोनदा असं शुद्ध करूनही साकाच पडत असेल तर ती वस्तू पोटॅश तुरटी नाही. तिच्यावर आणखी वेळ घालवू नका. नवीन आणा, किंवा खडा शाळेतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. दुकानदाराने कागदात बांधून दिलेली, नाव नसलेली पांढरी पूड "हीच असेल" म्हणून मुलाच्या हातात देऊ नका.

तुरटीचा स्फटिक जमला की मुलांना मोरचुदाचा निळा स्फटिक हवा असतो. बोर्डो मिश्रणासाठी तो शेती औषधांच्या दुकानात सहज मिळतो, म्हणून घरी आणायचा मोह होतो. आणू नका. मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे आणि त्याचे निळे खडे लहान मुलाला खडीसाखरेसारखे वाटतात. तो प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच.

तुरटीचं द्रावण डोळ्यात उडालं तर डोळा उघडा धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा. चोळू देऊ नका. त्यानंतरही आग, लाली किंवा धूसर दिसणं राहिलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मुलाने खडा चाटला तर चूळ भरायला लावा, पाणी प्यायला द्या. जास्त गिळलं असेल, उलट्या होत असतील, पोट दुखत असेल तर उलटी काढायचा प्रयत्न न करता दवाखाना गाठा, जाण्याची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. कोणती वस्तू, किती आणि कधी, हे डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे, म्हणून तुरटीची पुडी बरोबर न्या. गरम द्रावणाने भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. फोड आला, किंवा चेहऱ्यावर अथवा सांध्यावर भाजलं असेल, तर डॉक्टर.

जमलेला स्फटिक बरणीतून काढल्यावर टिपून पूर्ण वाळू द्या आणि पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात मारा. कोरड्या हवेत तुरटी तिच्यातलं बांधलेलं पाणी हळूहळू सोडते आणि वरून पांढरी पडते, ते त्याने लांबतं. उरलेलं द्रावण फेकू नका. झाकण लावून, वर ठळक अक्षरांत "तुरटीचं पाणी, पिऊ नये" असं लिहून मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. पुढच्या बीला तेच कामी येईल.